लेन्समुळे डोळे ‘कोरडे’ होतात, हे कोणी मोजलं आणि कशानं?

पेटचा निकाल लागला की संशोधन आराखड्यांचे मसुदे फिरायला लागतात. त्यात एक विषय हमखास भेटतो: कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांचा कोरडेपणा. विषय चांगलाच आहे. खर्च फार नाही, माणसं मिळतात, प्रश्नावली तयार मिळते. आणि पहिल्या पानावर साधारण असं वाक्य असतं की लेन्सच्या वापराने अश्रूंचे प्रमाण कमी होऊन डोळे कोरडे होतात, हे अनेक संशोधकांनी सिद्ध केले आहे. त्यापुढे कंसात पाच-सहा नावं.

आज हे वाक्य जरा उसवून बघू. ते खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पण त्यात तीन वेगळी विधानं एकाच पोत्यात भरलेली आहेत. लेन्स घातल्यावर डोळ्याला त्रास जाणवतो, हे एक. लेन्समुळे अश्रूंच्या थरात बदल होतो, हे दुसरं. आणि या दुसऱ्यामुळेच पहिलं घडतं, हे तिसरं. पहिल्याला पुरावा ढिगानं आहे, दुसऱ्याला बऱ्यापैकी आहे. तिसरं अजून वादात आहे, आणि तुमच्या आराखड्याचं सगळं ओझं नेमकं त्या तिसऱ्यावर टाकलेलं असतं. मार्गदर्शकांनी तोंडी परीक्षेत इथेच बोट ठेवलं तर काय सांगणार?

डोळ्यात काय होतं ते आधी थोडक्यात सांगते, कारण आकडे डोक्यात असल्याशिवाय पुढची टीका कळणार नाही. उघड्या डोळ्यावरचा अश्रूंचा थर, म्हणजे अश्रूपटल, साधारण ३ मायक्रॉन जाड असतं. एका डोळ्यात एका वेळी अश्रू असतात सुमारे ७ मायक्रोलिटर. औषधाच्या बाटलीतून पडणारा एक थेंब याच्या चार-पाच पट मोठा असतो, म्हणून तर तो गालावर ओघळतो. आता मऊ लेन्स मध्यभागी बहुधा ७० ते १०० मायक्रॉन जाड असते. म्हणजे ३ मायक्रॉनच्या थरात आपण त्याच्या वीस-तीस पट जाड वस्तू ठेवतो, आणि त्या थराने तिच्या पुढे-मागे वाटून घ्यावं अशी अपेक्षा करतो. लेन्सच्या पुढचा थर पातळ होतो, त्यावरचं तेलाचं आवरण नीट पसरत नाही, तो लवकर फाटतो. मागचा थर लेन्सखाली अडकतो आणि सावकाश बदलतो. शिवाय प्रत्येक उघडझापीला पापणीची आतली कड लेन्सच्या पृष्ठभागावरून घासत जाते. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

इथवर वाद नाही. वाद सुरू होतो तो ‘त्रास’ या शब्दापासून.

२०१३ साली टिअर फिल्म अँड ऑक्युलर सरफेस सोसायटी या संस्थेनं, जिला सगळे टीएफओएस म्हणतात, लेन्समुळे होणाऱ्या अस्वस्थतेवर एक मोठा अहवाल काढला. जगभरातले तज्ज्ञ, सुमारे दीड वर्षाचं काम, आणि शेवटी ‘इन्व्हेस्टिगेटिव्ह ऑफ्थॅल्मॉलॉजी अँड व्हिज्युअल सायन्स’ या नियतकालिकाचा खास अंक. हा अहवाल न वाचता या विषयावर एक ओळही लिहू नका. पण वाचताना त्याच्या व्याख्येवर थांबा. व्याख्या सांगते की ही अस्वस्थता अधूनमधून किंवा सतत जाणवते, ती लेन्सशी जोडलेली असते, ती लेन्स आणि डोळ्याचं वातावरण यांच्यातला मेळ कमी झाल्यामुळे होते, आणि त्यामुळे माणूस लेन्स कमी वेळ घालतो किंवा सोडूनच देतो. या व्याख्येबरोबर अहवालाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आराखड्यांत कुठंच उतरत नाहीत. लेन्स काढली की हा त्रास कमी होतो. आणि ‘लेन्समुळे डोळा कोरडा’ हा शब्दप्रयोग सरसकट वापरू नका, ज्याला आधीपासून कोरड्या डोळ्याचा आजार आहे त्याच्यासाठी तो राखून ठेवा.

म्हणजे ज्यांनी हा विषय सर्वांत बारकाईनं चाळला त्यांनीच सांगितलं की अस्वस्थता आणि कोरडेपणा एक नव्हे. तरी दहा-बारा वर्षांनी आपण मथळ्यात ‘कोरडेपणा’ लिहितो. कावून? तर मोजायची साधनं कोरडेपणाची आहेत म्हणून.

सगळ्यात जुनं साधन शिर्मर चाचणी. ओटो शिर्मर यांनी १९०३ साली सांगितलेली. ५ मिलिमीटर रुंद, ३५ मिलिमीटर लांब कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, ५ मिनिटांत किती मिलिमीटर ओली झाली ते वाचायचं. स्वस्त, सोपी, जिल्हा रुग्णालयातही मिळते. आता विचार करा: मऊ लेन्स डोळ्यात असताना ही पट्टी लावत नाहीत. आधी लेन्स काढावी लागते. आणि व्याख्या काय म्हणते? लेन्स काढली की त्रास कमी होतो! म्हणजे ज्या क्षणी त्रास आहे त्या क्षणी तुम्ही मोजत नाही, आणि ज्या क्षणी मोजता त्या क्षणी त्रास ओसरायला लागलेला असतो. वर कागद स्वतःच डोळ्याला टोचतो, त्यानं पाणी येतं ते वेगळंच. फ्लुरेसीनचा रंग टाकून अश्रूपटल किती सेकंदांत फाटतं ते बघायच्या चाचणीचंही तेच. मऊ लेन्स रंग शोषून घेते, म्हणून तीही लेन्स काढूनच करतात. १० सेकंदांच्या आत फाटलं तर पटल अस्थिर, हा प्रचलित निकष. पण तो आकडा नुसत्या डोळ्याच्या पटलाचा आहे, लेन्सच्या पुढे पसरलेल्या थराचा नव्हे.

लेन्स डोळ्यात असताना मोजायचं तर डोळ्यावर जाळीची किंवा वर्तुळांची प्रतिमा पाडून ती कधी विस्कटते ते बघतात, किंवा प्रकाशाच्या परावर्तनावरून थराची जाडी काढतात. यंत्र महाग आहे, आपल्या भागात सहज मिळत नाही. पण ‘आमच्याकडे शिर्मरच्या पट्ट्या होत्या म्हणून शिर्मर केली’ हे कारण मर्यादांच्या प्रकरणात शोभतं, पद्धतीच्या नाही.

ज्यांनी लेन्स डोळ्यात ठेवून मोजलं त्यांचं काम म्हणूनच मला जास्त पटतं. २००६ साली निकोल्स आणि सिनॉट यांनी अमेरिकेत ३६० लेन्सधारक तपासले. त्यातले निम्म्याहून जास्त, ५५.३ टक्के, कोरडेपणाच्या तक्रारीच्या गटात पडले. (निकोल्स-सिनॉट यांच्या निबंधात शब्द ‘लेन्सशी निगडित कोरडा डोळा’ असाच आहे, २०१३ची सूचना तेव्हा यायची होती.) त्यांनी लेन्सच्या पुढच्या थराकडे पाहिलं, तेव्हा तक्रारवाल्यांत तो लवकर पातळ होताना दिसला. आणि दुसरी गंमत: जास्त पाणी धरणाऱ्या लेन्सचा संबंध जास्त तक्रारीशी निघाला. दुकानात आपल्याला काय सांगतात? ‘ह्या लेन्समध्ये पाणी जास्त आहे, कोरडं वाटणार नाही.’ पाण्याची टक्केवारी हा लेन्सचा गुण आहे, ते पाणी डोळ्याला मिळतंच असं नाही. अर्थात हाही सहसंबंधच. पण योग्य जागी मोजलेला.

याच अंगानं सिलिकॉन हायड्रोजेलची कहाणी बघा. ओटो विख्टर्ले यांनी १९६१च्या नाताळात मुलांच्या मर्कुर खेळण्याच्या सुट्या भागांपासून घरच्या घरी यंत्र जोडून मऊ लेन्स ओतल्या, हे तुम्ही कुठंतरी वाचलंच असेल. १९७१ला अमेरिकेत परवानगी मिळाली, लेन्स लोकांपर्यंत गेल्या. पुढची पंचवीस-तीस वर्षं सगळा भर ऑक्सिजनवर होता. पारपटलाला हवा मिळत नाही, म्हणून ते सुजतं, डोळा लाल होतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन हायड्रोजेल आलं आणि ऑक्सिजनचा प्रश्न बराच सुटला. सूज कमी झाली, लाली कमी झाली. संध्याकाळची चुरचुर मात्र राहिलीच. ज्या कारणावर इतकी वर्षं खर्ची पडली ते दूर केल्यावरही तक्रार टिकते, तेव्हा तक्रारीचं कारण दुसरं कुठंतरी असणार, इतकं तरी मान्य करावं लागतं.

दुसरं कुठं? इथे त्या घासणाऱ्या पापणीकडे परत या. २००२मध्ये डोनाल्ड कोर्ब आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तक्रार करणाऱ्या लेन्सधारकांच्या वरच्या पापणीच्या आतल्या कडेवर, जी कड काचेवरच्या वायपरसारखी डोळा पुसते, तिथं पेशींना इजा झालेली दिसते. म्हणजे प्रश्न अश्रू किती आहेत याचा नसून घर्षणाचा असू शकतो. २०१३च्या अहवालातही लेन्सच्या गुणांपैकी पाणी किंवा ऑक्सिजनपेक्षा घर्षणाकडेच जास्त आशेनं पाहिलेलं आहे, पण सावधपणे.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत आवडलेला प्रयोग सिडनीचा आहे, एरिक पापास आणि सहकाऱ्यांचा, २०१४चा. प्रश्न अगदी घरगुती. लेन्स दिवसभरात मळते, सुकते, म्हणून संध्याकाळी टोचते, असं सगळे समजतात. मग दिवसाच्या मध्येच ती काढून नवी कोरी लेन्स घातली तर संध्याकाळ बरी जायला हवी ना? त्यांनी तसं करून पाहिलं. संध्याकाळ बरी गेली नाही. नवी लेन्स घातलेला डोळाही दिवस मावळताना तेवढाच कुरकुरला. याचा अर्थ लेन्सवर दिवसभरात जे साचतं त्यापेक्षा, लेन्स अंगावर वागवून वागवून डोळ्याच्या ऊतींमध्ये जे होतं ते महत्त्वाचं असावं. एक वस्तू बदलली, बाकी तसंच ठेवलं, आणि सर्वमान्य समजूत पडली. भारी यंत्र नाही, मोठा नमुना नाही. आराखडा लिहिताना हा निबंध शेजारी ठेवा असं मी सांगेन, त्याच्या निष्कर्षासाठी कमी आणि प्रश्न विचारण्याच्या पद्धतीसाठी जास्त.

आता भारताकडे येऊ. आपल्याकडच्या आराखड्यांत हमखास उद्धृत होणारा निबंध म्हणजे दिल्लीच्या एम्समधला, तितियाल आणि सहकाऱ्यांचा, ‘इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’त २०१८ साली आलेला. १५,६२५ रुग्ण, कोरड्या डोळ्याचं प्रमाण ३२ टक्के, आणि धोका वाढवणाऱ्या गोष्टींत लेन्सचा वापर. आकडा मोठा, संस्था मोठी. तुमच्यापैकी अनेकजण ‘भारतात ३२ टक्के लोकांना कोरड्या डोळ्याचा आजार’ असं लिहून मोकळे होतात. निबंधाचं शीर्षक तरी पूर्ण वाचा! त्यातच सांगितलंय की हा उत्तर भारतातला, रुग्णालयातला, एका वेळी केलेला पाहणी-अभ्यास आहे, आणि निदान ओएसडीआय या प्रश्नावलीवर आधारलेलं आहे. लेखकांनी काही लपवलेलं नाही. लपवतो आपण, उद्धृत करताना.

रुग्णालयात आलेला माणूस डोळ्याची काहीतरी तक्रार घेऊनच आलेला असतो, तेव्हा त्या ३२ टक्क्यांना देशावर पसरवता येत नाही, हे तुम्हाला कळतंच. माझा आक्षेप लेन्सच्या बाबतीत जरा वेगळा आहे. ओएसडीआयमध्ये १२ प्रश्न असतात, गेल्या आठवड्यात अमुक त्रास किती वेळा झाला असे. त्यात ‘तेव्हा डोळ्यात लेन्स होती का’ हा प्रश्न नाही. मग लेन्स वापरणाऱ्या मुलीनं ‘खुपतं’वर खूण केली, तर ती लेन्स असतानाची अस्वस्थता की लेन्स नसतानाचा आजार? प्रश्नावलीला ते सांगताच येत नाही. दोन्ही एकाच बेरजेत जातात, आणि मग लेन्स हा ‘आजाराचा धोका’ ठरतो. हाच तो २०१३च्या अहवालानं टाळायला सांगितलेला गोंधळ. लेन्सधारकांसाठी सीएलडीईक्यू-८ नावाची वेगळी प्रश्नावली आहे, चाल्मर्स आणि सहकाऱ्यांची, २०१२ची. आठ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, आणि त्यात दिवसाअखेरीस त्रास किती तीव्र होतो आणि त्रासामुळे लेन्स काढून टाकावीशी किती वेळा वाटते हेही विचारतात. लेन्सवर काम करायचं तर ती वापरा, किंवा दोन्ही वापरा आणि ओएसडीआय लेन्स नसलेल्या दिवसांबद्दल विचारा. फुकटात मिळतो तो सल्ला घ्या.

दीर्घकालीन परिणामांबद्दलही एक निबंध फार फिरतो. जपानमधून २००९ साली रेइको आरिता आणि सहकाऱ्यांनी १२१ लेन्सधारक आणि १३७ लेन्स न वापरणारे तपासले. पापण्यांच्या कडेला तेल सोडणाऱ्या मायबोमियन ग्रंथी असतात, अश्रूंवरचं तेलाचं आवरण त्यांचंच. लेन्सधारकांत या ग्रंथी जास्त झडलेल्या दिसल्या. सरासरी तिशीतल्या लेन्सधारकांची स्थिती साठीतल्या सामान्य माणसांसारखी, असं त्यांनी लिहिलं. हे वाक्य वाचून कोणीही दचकेल. यूट्यूबवाल्यांनी तर त्याचं सोनं केलं. पण २०१५मध्ये अमेरिकेतून पकर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, त्यांना रोज लेन्स वापरणाऱ्यांत असा संबंध आढळला नाही. कोण खरं? एका वेळी घेतलेल्या फोटोवरून आधी काय आणि नंतर काय हे सांगता येत नाही, हे दोघांनाही लागू आहे. तरी मसुद्यांमध्ये आरिता दिसतात, पकर दिसत नाहीत. भयानक निष्कर्ष लवकर पोहोचतो, त्याला संशोधक काय करणार. तुम्ही मात्र दोन्ही ठेवा आणि वेगळेपण कशानं आलं असेल यावर एक परिच्छेद लिहा. त्या एका परिच्छेदानं तुमचा साहित्याचा आढावा यादीतून बाहेर येईल.

या सगळ्या अभ्यासांना एक जुनाट दुखणं आहे. पाच-दहा वर्षं लेन्स वापरणारे तेच, ज्यांना लेन्स सोसली. ज्यांना सोसली नाही त्यांनी पहिल्या काही महिन्यांतच चष्मा परत चढवला. तुम्ही आज लेन्सधारक गोळा केलेत तर टिकून राहिलेल्यांची पलटण हाती येते. मग ‘दीर्घ वापराने त्रास वाढत नाही’ असा निकाल निघाला तर त्यात डोळ्याचा किती भाग आणि गाळणीचा किती? व्याख्येतच ‘सोडून देणं’ हा परिणाम म्हणून लिहिलेला आहे, आणि नमुन्यात सोडून दिलेले नाहीत. हे म्हणजे नापास झालेल्यांना वगळून शाळेचा निकाल काढण्यासारखं झालं.

आता हे सगळं घेऊन आपल्या गावी या. माझं गाव धामणगाव रेल्वे. मुंबई-हावडा लाइनवर बडनेरा आणि पुलगावच्या मधलं, यवतमाळच्या लोकांचं गाडी पकडायचं ठिकाण. कापसाचा बाजार, जिनिंग, आजूबाजूला सोयाबीन आणि तूर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि दुपारी हवेत ओल म्हणून नसते. हंगामात मळणीची धूळ, जिनिंगच्या बाजूला रुईचे तंतू. वर सांगितलेल्या निबंधांतले बहुतेक डोळे वातानुकूलित खोलीत, ठरावीक तापमानात तपासलेले आहेत. आपल्याकडं काय बदलेल?

ओएसडीआयचे शेवटचे तीन प्रश्न वाऱ्याबद्दल, कोरड्या हवेबद्दल आणि एसीबद्दल आहेत. धामणगावात बहुतेक घरी उन्हाळ्यात असतो कूलर. एसी हवेतली ओल काढून घेतो, कूलर ओल घालतो. अश्रूंच्या बाष्पीभवनाच्या दृष्टीनं दोघं उलट्या बाजूला. पण कूलरसमोर खाट टाकून झोपणाऱ्याच्या तोंडावर वारा थेट येतो, आणि वाऱ्यानं बाष्पीभवन वाढतं. एकूण डोळ्याला बरं की वाईट? कूलरचा प्रश्न त्या प्रश्नावलीत नाही, कारण ती जिथं बनली तिथं कूलर नव्हता. हा प्रश्न धामणगाव, अकोला, वर्ध्याच्या कोणा विद्यार्थ्यानंच घ्यावा असा आहे, आणि त्याला आर्द्रता मोजायचं साधं यंत्र पुरतं.

दुसरी अडचण गणिताची आहे. ओएसडीआयचा गुणांक असा काढतात: मिळालेल्या गुणांची बेरीज गुणिले २५, भागिले उत्तर दिलेल्या प्रश्नांची संख्या. जो प्रश्न लागू नाही तो सोडायचा. समजा दोघीजणी आहेत. नऊ प्रश्नांत दोघींचे गुण १०. रात्री गाडी चालवणं, संगणक किंवा एटीएमसमोर काम आणि एसी, हे तीन प्रश्न उरले. पुण्यात नोकरी करणारीनं या तिन्हींना ‘कधीच त्रास नाही’ म्हणजे शून्य दिलं. तिचा गुणांक २५० भागिले १२, म्हणजे २०.८. धामणगावातल्या दुसरीला हे तिन्ही लागूच नाहीत. तिचा २५० भागिले ९, म्हणजे २७.८. प्रचलित कोष्टकात १३ ते २२ सौम्य, २३ ते ३२ मध्यम. तक्रार तीच, पण पुण्याची सौम्य आणि आमची मध्यम! आता तुम्ही ‘ग्रामीण भागात कोरडेपणा जास्त’ असा निष्कर्ष काढून शोधनिबंध छापला, तर त्यातला किती भाग भागाकाराचा असेल? ग्रामीण-शहरी तुलना करणाऱ्या निबंधात किती प्रश्न सुटले याचा तक्ता दिला आहे का, हे सगळ्यात आधी बघत जा.

तिसरी अडचण भाषेची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. मूळ प्रश्नात डोळ्यात खरखर, वाळूचे कण असल्यासारखं, या अर्थाचा एक शब्द आहे. मराठीत त्याचं काय करणार? प्रमाण मराठीत ‘खुपणे’. आमच्याकडं कोणी म्हणेल ‘डोये चुरचुरतात’, कोणी ‘कचकच करते’, कोणी ‘आग होते’. ‘कोरडं वाटतं का’ असं विचारलं तर म्हातारी माणसं उलट म्हणतात, कोरडं कुठलं, पाणी येते ना धारेनं! आणि तेही बरोबर, कारण पटल फाटलं की डोळा चिडून पाणी सोडतो. ‘कोरडेपणा’ हा शब्द वैद्यकातून आला, माणसाच्या जाणिवेतून नाही. हिंदी प्रश्नावलीचं घाईत केलेलं मराठी घेऊन तुम्ही अमरावती जिल्ह्यात फिरलात, तर उत्तरं मिळतील, आकडे भरतील, पण कशाचे? भाषांतर, मग वेगळ्या माणसाकडून उलट भाषांतर, मग दहा-वीस लोकांशी बसून ‘तुम्हाला या शब्दाचा काय अर्थ लागला’ हे विचारणं, याला एक महिना द्या. मार्गदर्शक म्हणतील वेळ कुठाय. तरी द्या.

आणि लेन्स घालतंय कोण, हेही बघा. शहरात रोज सकाळी लेन्स चढवून ऑफिसला जाणारी मुलगी हा पुस्तकातला नमुना. आमच्याकडं लेन्सचा एक मोठा प्रसंग म्हणजे पाहुणे बघायला येतात तो दिवस. मुलीला चष्मा आहे हे स्थळाला पहिल्या भेटीत दिसू नये, म्हणून लेन्स. नंतर साखरपुडा, लग्न, एखादं रिसेप्शन. मधले महिने लेन्स डबीत पडून. ही मुलगी महिन्यातून दोनदा, लग्नसराईच्या उन्हात, मांडवाच्या धुळीत, भटजींच्या होमाच्या धुरात आठ-दहा तास लेन्स घालते, सवय नसताना. तिला त्रास झाला तर तो अश्रूंचा, घर्षणाचा, धुराचा, की जुन्या द्रावणात लेन्स पडून राहिल्याचा? शेवटची शक्यता अस्वस्थतेपुरती थांबत नाही, तिथं संसर्गाचा धोका आहे. ‘दररोज किमान ६ तास, आठवड्यातून किमान ५ दिवस लेन्स वापरणारे’ असा निकष तुम्ही आराखड्यात टाकलात, जसा सगळे टाकतात, तर ही मुलगी तुमच्या अभ्यासातून पहिल्याच पानावर बाद. आणि तिला सल्ला कोणत्या पुराव्यावर द्यायचा? ज्यांना रोजची सवय आहे त्यांच्या.

तिला घ्यायचं असेल तर मोजमापही तिच्या वेळापत्रकाला जुळवावं लागेल. प्रश्नावलीतला ‘गेला आठवडा’ तिला निरुपयोगी, कारण त्या आठवड्यात तिनं लेन्स घातलीच नसेल. तिच्यासाठी लेन्स घातलेल्या त्या दिवसाचीच नोंद हवी: चढवली कधी, काढली कधी, मधे कुठं होती, पहिल्यांदा कधी टोचायला लागलं. मोबाइलवर चार ओळींची नोंदवही पुरेल. विश्लेषण अवघड जाईल, कारण प्रत्येकीचे दिवस वेगळे. संख्याशास्त्राच्या मित्राला आधीच चहा पाजून ठेवा.

सोडून दिलेल्यांचं काय? ते सापडतात, पण रुग्णालयाच्या ओपीडीत नाही. चष्म्याच्या दुकानात ऑर्डरची वही असते. त्यात कोणी लेन्स किती वेळा मागवल्या ते तारखेनुसार लिहिलेलं असतं. दुकानदाराची आणि आचारसंहिता समितीची परवानगी घ्या. नावं-नंबर तुमच्या हातात येऊ देऊ नका, दुकानदारानंच आधी फोन करून विचारावं, जे हो म्हणतील त्यांच्याशीच बोला. आणि सुरुवात करा ती ज्यांचं नाव लेन्सच्या पानावर एकदाच आलंय आणि त्यानंतर फक्त चष्म्याच्या पानावर, त्यांच्यापासून.